शिफारसपत्राचे पहिले तीनशे शब्द

शिफारसपत्र लिहावं तर मीच, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. चौतीस वर्षं पाथर्डीच्या एका कॉलेजात मराठी शिकवलं, त्यात एकाही विद्यार्थ्याला मी स्वतःचं शिफारसपत्र स्वतः लिहू दिलं नाही. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत असेलच. उमेदवार पत्र मागायला आला की साहेब म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." त्यामुळे आपल्या जिल्ह्यातला प्रत्येक उमेदवार कष्टाळू, अष्टपैलू आणि कमालीचा विनयशील निघतो. तसं त्यानेच लिहिलेलं असतं. मी मात्र प्रत्येक पत्र स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनने लिहिलं. त्यातल्या काहींना नोकऱ्याही लागल्या. उरलेल्यांनी माझ्याशी संबंध ठेवलेले नाहीत.

तर दिवाळी झाली आणि अजिनाथचा फोन आला. अजिनाथ माझा जुना विद्यार्थी, आणि आता माझ्याच खुर्चीत बसणारा मराठीचा विभागप्रमुख.

"सर, विद्यापीठाचं पत्रक आलंय. पीएच.डी. झालेल्यांसाठी फेलोशिप. दोन वर्षं तिकडे शिकवायचं आणि संशोधन करायचं. प्रत्येक विभागाने एकच नाव कळवायचंय."

"मग कळव की."

"बैठक घेऊन ठराव करावा लागतो. किमान तीन सदस्य पाहिजेत."

"विभागात आहेत किती?"

"मी आणि राजेश्वरी. नाव तिचंच द्यायचं, म्हणजे ती बाहेर बसणार. मग सूचक मी, अनुमोदक मी, आणि मतभेद झालाच तर समजूतही मीच काढायची."

पत्रकात एक पळवाट होती. निवृत्त प्राध्यापक सदस्य म्हणून चालणार होते. मी तासाभरात इस्त्रीचा शर्ट घालून हजर झालो. तिसरे सदस्य म्हणून इतिहासाचे निवृत्त सर आले. त्यांनी चहा घेतला, सही केली आणि ठराव कशाचा आहे हे जाताना विचारलं.

राजेश्वरी गर्जे म्हणजे बत्तीस वर्षांची, पीएच.डी. झालेली, आणि सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई. दर जूनमध्ये नेमणूक, दर एप्रिलमध्ये नारळ. आईवडील ऊसतोडीला जातात. दर गुरुवारी ती माझ्याकडे पुस्तकं न्यायला येते, असं तिचं म्हणणं. नेलेलं पुस्तक पुढच्या खेपेला न उघडलेलं परत येतं, हे मला दिसतं. मी बोलत नाही. मग आम्ही दोन तास भांडतो, बहुतेक शुद्धलेखनावरून. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला असतो, तो रविवारी फोन करतो, शुगर विचारतो, आकडा ऐकतो आणि ठेवतो.

हे सगळं मला त्या बैठकीतच एकदम आठवलं आणि मी म्हणून गेलो, "दुसरं नावच नाही का रे?"

अजिनाथने पेन खाली ठेवलं. "सर?"

"काही नाही. प्रक्रिया म्हणून विचारलं."

ठराव एकमताने मंजूर झाला.

शिफारस करणाऱ्याने उमेदवाराचं अध्यापन प्रत्यक्ष पाहिलेलं असावं, अशी अट होती. अजिनाथ विभागप्रमुख असल्यामुळे त्याला वर्गात जायला वेळ नसतो. म्हणून तेही काम माझ्याकडे आलं, आणि पत्रही.

त्याच आठवड्यात राजेश्वरीची आई भागूबाई माझ्या दारात उभी राहिली. त्यांचा ऊसतोडीचा ट्रक परवा निघणार होता. घरात या म्हटलं तरी ती उंबऱ्याशीच बसली.

"सर, पीएचडी म्हंजी शेवटची पायरी, आसं तुमीच म्हनला हुता."

"हो."

"मग ही आनि कंची पायरी?"

"तिच्या पुढची."

"हिच्या म्होरं हाय का आजून?"

"हिच्या पुढे नोकरी. निघाली तर."

"एकलीच जायाची व्हय तिकडं? आमच्यात नवराबायकूची जोडी म्हंजी एक कोयता. एकल्याला मुकादम अर्धा कोयता म्हनतो. अर्ध्याचं लई वंगाळ. मोळी बांधायला बी दुसरा हात न्हाई." बोलता बोलता तिने माझ्या घराकडे एक नजर टाकली. एक ताट, एक वाटी, दोरीवर एक पंचा. "तुमी बी अर्धंच की वो, सर. ही गेल्यावर तुमच्याकडं कोन येनार?"

"येतात बरेच लोक."

"कोन?"

मी दूधवाल्याचं नाव सांगितलं.

"आनि?"

मी विषय बदलला.

पुढच्या आठवड्यात मी राजेश्वरीच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो. हजेरीपटावर एकतीस नावं, वर्गात नऊ डोकी. बाकीचे बावीस आईबापांबरोबर कारखान्यांवर गेलेले. माझ्या काळीही हे असंच होतं. गैरहजर मुलाच्या नावापुढे मी लाल शाईने शून्य काढायचो. फार सुबक काढायचो.

राजेश्वरीने हजेरी घेतली नाही. तिने मोबाईल टेबलावर उभा केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि शिकवायला लागली. "सुनील, तू आत्ता उसाच्या फडात असशील, हे संध्याकाळी ऐक. रेश्मा, मागच्या वेळचा तुझा प्रश्न बरोबर होता, माझंच उत्तर चुकलं होतं." पन्नास मिनिटांत तिने बावीस जणांची नावं घेतली, आणि समोरच्या नऊ जणांना त्यात काही नवल वाटत नव्हतं. शेवटी तिने आदल्या दिवशी आलेलं एका पोराचं उत्तर ऐकवलं. मागे ट्रॅक्टर धडधडत होता आणि कुणीतरी बैलाला शिव्या देत होतं. मधल्या जागेत पोरगा कवितेचा अर्थ सांगत होता. अर्थ बरोबर होता.

घरी येऊन मी पत्राला बसलो. अकरा पानं लिहिली. आमच्या वेळच्या रिवाजाप्रमाणे सुरुवातीला लिहिणारा कोण, त्याचा अधिकार काय, हे सांगावं लागतं. मी ते सांगायला लागलो आणि थांबेचना. खरं सांगायचं तर बऱ्याच वर्षांत मला माझ्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. कागदाने विचारलं, मी सांगितलं. राजेश्वरी चौथ्या पानावर आली. तिथून पुढे मात्र सगळं तिचंच होतं, वर्ग, मोबाईल, ट्रॅक्टर, सगळं. मी पत्र नेऊन अजिनाथच्या हातात दिलं.

पत्र पोर्टलवर चढवायचं होतं. पोर्टलवर एक चौकोन होता आणि त्यात तीनशे शब्द मावत होते. अजिनाथ एका बोटाने, सुरुवातीपासून, प्रामाणिकपणे टाइप करत गेला. तीनशे शब्द झाल्यावर चौकोन थांबला, म्हणून तोही थांबला. काय टाइप केलं ते त्याने वाचलं नाही. विद्यार्थी असतानाही त्याची उत्तरपत्रिका लिहिण्याची हीच पद्धत होती.

आठ दिवसांनी विद्यापीठाचा मेल आला. तो मी जसाच्या तसा देतो.

"आपल्या विभागाने शिफारस केलेल्या डॉ. राजेश्वरी गर्जे या १९८१ साली सेवेत रुजू होऊन २०१५ साली निवृत्त झाल्याचे दिसते. त्यांचा मधुमेह नियंत्रणात असल्याची नोंद घेतली आहे. त्यांच्या पत्नीच्या निधनाबद्दल समितीला सहानुभूती आहे. तथापि वयोमर्यादा चाळीस असल्याने शिफारस ग्राह्य धरता येत नाही. शिफारसकर्त्यांनी उद्या सकाळी अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर तीन मिनिटांत खुलासा करावा, अन्यथा विभागाची शिफारस रद्द समजण्यात येईल."

अजिनाथ मेलची छापील प्रत घेऊन धावत माझ्याकडे आला, त्याच्या मागोमाग राजेश्वरी. तिने मेल शांतपणे दोनदा वाचला.

"सर, मी निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभ झाला होता का?"

"झाला होता. शाल दिली होती."

"आणि ही पत्नी?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. तिनेही बघितलं आणि मेल घडी करून ठेवला. अजिनाथ म्हणाला, "सर, माझंच चुकलं, मी राजीनामा देतो." आम्ही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. विभागप्रमुख झाल्यापासून तो दर महिन्याला राजीनामा देतो.

निघताना राजेश्वरी दारात थांबली. "सर, उद्या तुम्ही जाल ना कॉलला?"

"न जायला काय झालं?"

"नाही, विचारलं आपलं." तिने चप्पल घालायला जरा जास्तच वेळ लावला. "ही संधी पुन्हा येणार नाही, सर. पुढच्या वर्षी मराठीचे तास निम्मे होणार आहेत."

दुसऱ्या दिवशी विभागात मी लॅपटॉपसमोर बसलो. पलीकडे तीन माणसं होती, मधोमध अध्यक्ष म्हणून एक चष्म्यातल्या बाई.

"सर, आम्हाला पंखा दिसतोय."

अजिनाथने लॅपटॉप वाकवला. मग त्यांना मी दिसलो. पंखा बरा होता, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

"तीन मिनिटं आहेत सर. बोला."

"१९८१ साली मी..."

"सर, उमेदवाराबद्दल."

मी थांबलो. पहिले वीस सेकंद गेले होते. अजिनाथ माझ्या मागे उभा राहून देवाचं काहीतरी पुटपुटत होता. मनात एक विचार येऊन गेला. इथे मी नुसता घुटमळलो असतो तरी काम झालं असतं. म्हातारा गोंधळला, शिफारस रद्द, कुणी मला दोष दिला नसता. ती पुढच्या आठवड्यात पुस्तक परत करायला आली असती.

मग मी तो वर्ग सांगितला. नऊ डोकी, बावीस नावं, ट्रॅक्टर, बैल, कविता. माझी शून्यंही सांगितली. म्हटलं, "मी चौतीस वर्षं जे आले त्यांना शिकवलं. ही जे येऊ शकत नाहीत त्यांनाही शिकवते. माझ्यापेक्षा ही चांगली शिक्षक आहे, आणि माझ्या अकरा पानांत हे वाक्य कुठेही नाही."

तीन मिनिटं कधीच उलटून गेली होती. बाई थांबवत नव्हत्या. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "शेवटचा प्रश्न. आम्ही सगळ्यांनाच विचारतो. उमेदवारात काही उणीव?"

"नाही." मग तोंडातून निघून गेलं, "म्हणजे, ती गुरुवारी येते."

"म्हणजे काय, सर?"

आता काय सांगणार? "म्हणजे वेळेला पक्की आहे. एसटी बंद असो, ताप असो, गुरुवारी येतेच."

त्या म्हणाल्या, "अच्छा," आणि तेही लिहून घेतलं.

पंधरा दिवसांत निवडीचं पत्र आलं. अजिनाथने विभागात पेढे वाटले. इतिहासाच्या सरांनी दोन घेतले आणि कशाचे ते विचारलं. राजेश्वरी सकाळच्या एसटीने गेली. तिला पोचवायला स्टँडवर मी एकटाच होतो, कारण आईवडील फडात होते. तिने खिडकीतून वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "जोडाक्षरं नीट लिहीत जा." दुसरं काही सुचलं नाही. गाडी शेवगावच्या रस्त्याला वळेपर्यंत मी हात वर धरून उभा होतो. स्टँडवरच्या कंट्रोलरने विचारलं, "बाबा, तुमाला कुठं जायचंय?"

आठवड्याने तिचा फोन आला. आवाज खुशीत होता. खोली मिळाली होती, ग्रंथालय मोठं होतं. वर्गात साठ पोरं होती आणि सगळी खरोखरच बसलेली होती.

"सर, वेळापत्रकही आलं. म्हटलं होतं, दर गुरुवारी तुम्हाला निवांत फोन करीन. पण बाकीचे दिवस दोन-दोन तास आहेत आणि गुरुवारी सलग सहा. मी विचारलं असं का, तर म्हणाले, तुमच्या शिफारसकर्त्यांनीच सांगितलंय, ही गुरुवारी हमखास येते. तुम्ही असं काही बोललात का, सर?"

"बोललो असेन."

तिच्या मागे कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता.

"मग मी शुक्रवारी करत जाईन. चालेल?"

"शुक्रवारी मी जरा कामात असतो," मी म्हटलं, "पण बघू."

शुक्रवारी मला काय काम असतं, ते अजून ठरायचंय.