सहावं पुस्तक

आमचे घरमालक आबा खोली द्यायच्या आधी भाडेकरूकडून एक पान मोठ्यानं वाचून घेतात.

कारखान्यांनी वेढलेल्या कुरुळीत खोली शोधणाऱ्याला बाकीचे मालक काय काय विचारतात ते मला तोवर पाठ झालं होतं. गाव कुठलं, आडनाव काय, कंपनी कुठली, मटण शिजवता का, पाहुणे फार येतात का. आबांनी यातलं काहीच विचारलं नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मांडीवरचं विटेएवढं जाड पुस्तक माझ्यापुढं धरलं. वर पंख फुटलेला लांडगा आणि त्याच्या पाठीवर केस मोकळे सोडलेली एक पोरगी.

"वाच."

मी घाबरून नवऱ्याकडं बघितलं. त्याच्या खांद्यावर शेगडी होती, हातात बादली होती. "हे वाचतील की," मी म्हटलं.

"त्याला न्हाई. तू. मोठ्यानं."

आमच्या गावाला शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा शेजारच्या गावात, आणि एसटी तिथं पोचायची ती शाळेची प्रार्थना, हजेरी आणि पहिले दोन तास झाल्यावर. म्हणून माझं शिक्षण सातवीतच थांबलं. त्यानंतर मी वाचलं ते कंपनीत लाइनवर लावलेला तक्ता आणि डाळीच्या पिशवीवरचं नाव. आता खोली या पानावर अडली होती. ओळीखाली बोट धरून मी वाचायला लागले. 'सिंहासनाधिष्ठित' या शब्दापाशी तीनदा घसरले. पान संपलं तेव्हा पाठीवरून घाम चालला होता.

आबांनी पुस्तक परत मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "अडखळतीस. पर गाळत न्हाईस." आणि नवऱ्याकडं वळून, "उतरव सामान."

माझ्या आधीचा भाडेकरू वाचायला फार तयार होता म्हणे. एसटी स्टँडवरच्या स्पीकरसारखं घडाघडा वाचायचा. पण डोंगर-दऱ्यांची वर्णनं आली की दोन-दोन परिच्छेद गाळायचा. एका संध्याकाळी आबांच्या ते लक्षात आलं आणि महिना भरायच्या आत त्याला दुसरी खोली शोधावी लागली.

आबा म्हणजे जुने पैलवान. कान अजून कुस्तीतले, मुडपलेले. अंगात तीन गुंड्यांचा पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "समदं दिसतंय की मला. बारीक तेवढं दिसत न्हाई, आन् बारीक बघून कुनाचं भलं झालंय?" शेताच्या जागी कारखाना आला, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी एका रांगेत पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि भाडेकरूंना त्यांच्या जिल्ह्यावरून हाका मारायला सुरुवात केली. "ए बुलढाणा, तुझा नळ गळतोय!" "धाराशिव, गाडी आडवी लावू नगं!" मी हिंगोली झाले. माझ्या नवऱ्याला मात्र जिल्हा मिळाला नाही. तो 'हिंगोलीचा मालक'.

पुस्तकं आबांच्या नातीची, पियूची. ती शाळेत असताना एकेक भाग बाजारात आला, तिनं एकेक घेतला, आणि कॉलेज संपल्यावर ती शिकायला जर्मनीला गेली तेव्हा सगळा संच आबांच्या कपाटात ठेवून गेली. मुळातली गोष्ट इंग्रजी, ही मराठीत आणलेली. बारा-पंधरा वर्षांच्या पोरांसाठी लिहिलेली. टॅरेला नावाची एक अनाथ पोरगी, तिचा उडणारा लांडगा, आणि सगळं खोरं गिळायला निघालेला काळा सरदार ग्रिमॉल्ट.

आबांना ही नावं मान्य नव्हती. टॅरेलाची त्यांनी तारी केली. ग्रिमॉल्टला ते सरळ बिल्डर म्हणायचे. त्याचे हेर म्हणजे एजंट. खोऱ्यातले म्हातारे जमून लढायचं की शरण जायचं यावर चर्चा करतात असा एक मोठा प्रसंग आहे. तो चालू असताना आबा खुर्चीतून उठून उभे राहिले. "सह्या करू नगा रं!" असे ओरडले, की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर येऊन बघायला लागलं.

माझी फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी वाचन व्हायचं. मी ओट्यावर, ते खुर्चीत. बुलढाणा भांडी घासता घासता ऐकायची, धाराशिव गाडी पुसता पुसता. नीट ऐकू आलं नाही किंवा फारच आवडलं, की आबा हात हलवत ट्रक मागं घ्यायला लावल्यासारखे म्हणायचे, "मागं घे. मागं घे. अजून. हां, लाव तिथं." मग तिथून पुन्हा. त्यांना शंकाही फार. "हा लांडगा चार पुस्तकं उडतोय. त्याला खायाला काय घालत्यात? कुठंच लिवलं न्हाई. जनावर पाळलेला मानूस दिसत न्हाई ह्यो लेखक."

पाण्याची मोटर आबांच्या हातात होती, त्यामुळं गोष्टीत काय चाललंय ते सगळ्या रांगेला कळायचं. तारी जिंकली की टाकी भरून वाहायची. लांडग्याला बाण लागला त्या दिवशी आबा सुन्न होऊन बसले आणि कुणालाच आंघोळीला पाणी मिळालं नाही. तेव्हापासून बायका मला नळावर आधीच विचारायच्या, "हिंगोली, आज काय वाचणारेस? चांगलंच काहीतरी वाच बाई, माझ्या चादरी भिजत घालायच्यात."

मला मात्र हे दिवस फार गोड गेले. माझा जीव मुळात उंदराचा. कॉन्ट्रॅक्ट पुढं मिळेल का, लाल वायर निळ्याच्या जागी तर नाही ना लागली, नवऱ्याचा फोन लागत नाही म्हणजे काय झालं असेल, असं माझं दिवसभर चालतं. वाचत असले की ते थांबायचं. शब्द बोटाशिवाय वाचता यायला लागले. आणि दिवसातून तासभर का होईना, माझ्या तोंडातून निघालेलं कुणीतरी श्वास धरून ऐकत होतं.

पाचवं पुस्तक संपलं ते अशा ठिकाणी: बर्फाचा मोठा दरवाजा, जखमी लांडगा, तारीनं दरवाजाला हात लावलाय आणि आतून कुणीतरी तिचं नाव घेतंय.

बास. पुढं कोरं पान.

"आबा, सहावं काढा!" बुलढाणा साबणाच्या हातानंच उठली.

आबा म्हणाले, "उद्या."

उद्या म्हणाले, "डोकं दुखतंय." परवा म्हणाले, "कपाटाची चावी सापडंना." त्यानंतर मी पुस्तक मागितलं तर त्यांनी पहिला भाग माझ्या हातात ठेवला. "मागं घे."

"किती मागं?"

"पार सुरवातीला."

सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. धाराशिव म्हणाला, "ताई, मोबाइलवर टाका ना राव नाव, दोन मिनिटांत शेवट येतोय." त्यानं खरंच मोबाइल काढला. आबा खुर्चीतूनच म्हणाले, "ज्याच्या तोंडातून शेवट भाईर पडंल, त्याच्या खोलीची लाइन कापीन." मोबाइल खिशात गेला. मलाही शेवट असा नको होता. एवढी वाट चालून आल्यावर घरात कोण आहे ते कुणीतरी रस्त्यात सांगावं, तसं ते झालं असतं.

त्यातच नवऱ्याला छत्रपती संभाजीनगरला काम लागलं, पर्मनंट. इथून आमच्या गावाच्या निम्म्या वाटेवर. मी देवापुढं साखर ठेवली, आणि दुसऱ्या क्षणाला मनात आलं, दरवाजाच्या आत कोण आहे ते आता मला कधी कळणार? मला लाज वाटली. पण लाइनवर हात चालेनात. सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, "काय गं, लक्ष कुठंय तुझं?" आता बर्फाच्या दरवाजात आहे असं कसं सांगणार?

मी आबांना म्हटलं, "आबा, महिनाअखेर आम्ही जातोय."

"कळलं मला."

"मग सहावं..."

"घाई कुनाला हाय?"

"मलाच आहे की हो!" एवढ्या मोठ्यानं मी त्यांच्याशी आधी कधी बोलले नव्हते. त्यांनी तोंड फिरवलं आणि पहिल्या भागाचं पान उलटलं. मी वाचलं, पण रागानं. डोंगरांचं एक वर्णन मुद्दाम गाळलं. आबांनी नेहमीसारखं 'मागं घे' म्हटलं नाही. मग माझं मलाच बरं वाटेना, म्हणून मी आपणहून मागं गेले आणि ते वाचलं.

पियूचा फोन रविवारी दुपारी यायचा. मी राहायला आले तेव्हा भिंतीपलीकडून तो ऐकू यायचा आणि पुरा व्हायला वेळ लागायचा नाही. "जेवलीस का? थंडी हाय का? बरं. ठेवू?" आबांच्या बाजूनं एवढंच. पोरगी तिकडून काय सांगायची ते त्यांना समजत नसावं आणि त्यांच्याकडं सांगण्यासारखं काही नसावं. मुलगा-सून जवळच मोशीला फ्लॅटमध्ये. तिथल्या गप्पा गाडीच्या आणि प्लॉटच्या.

जायच्या आधीच्या रविवारी मी जरा लवकर गेले. आबा ओट्यावर पाठमोरे बसून फोनवर बोलत होते. स्पीकर चालू.

"आबा, सांगा ना, कुठवर आलात?"

"आगं त्या एजंटानं घोडं चोरलं न्हवं का, तिथवर."

"म्हणजे अजून पाचव्यातच? मागच्या रविवारी पण तेच सांगितलंत!"

"काय करू, ही हिंगोली लई सावकाश वाचती. येक पान वाचती आन् पानी पीती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घोडं चोरल्याला किती आठवडे झाले! मी पुढं होऊन खाकरणार, तेवढ्यात पियू म्हणाली, "आबा, पण तुम्हाला खरंच वाटतं, घोडं एजंटानंच नेलं?"

आणि आबा सुरू झाले. घोडं कुणी नेलं, का नेलं, आपल्या गावात बैल चोरीला गेला होता तेव्हा पावलं कशी शोधली होती. पियू हसली, भांडली, मग तिच्या खोलीच्या खिडकीतून दिसणारा डोंगर तारीच्या डोंगरासारखाच आहे म्हणाली. तिथून तिच्या खोलीबद्दल, मग सोबतच्या पोरीबद्दल, मग परवा ताप आला होता आणि कुणाला सांगितलं नाही त्याबद्दल. "मग आता?" आबा म्हणाले. "आता बरी आहे, आबा." ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं तरी फोन चालूच होता. मी जिथल्या तिथं उभी. कपाटाची चावी का सापडत नव्हती ते मला आता कळलं.

आबांची नजर माझ्यावर पडली. अंधूक डोळ्यांनाही माझा चेहरा दिसला असावा. बोलता बोलता ते थांबले. मग त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. "ही बघ, हितंच हाय हिंगोली. इचार तिलाच."

मी फोन घेतला. सातवी शिकलेल्या माणसाला वाचायला येत नाही असं कुणी म्हटलं की काय होतं, ते मला माहीत आहे. पण मी म्हटलं, "हो ताई. माझंच वाचन फार हळू आहे. त्यांचा काही दोष नाही."

मग ती म्हणाली, "असू दे हो ताई. सावकाशच वाचा. आबांना घाई करू नका, हं?"

आबा त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. मीही सामान बांधत राहिले. सहाव्या पुस्तकाचं नाव मनातून पुसून टाकायचं, असं ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ते दारात आले. हातात पुस्तक. पियू गेल्यापासून कुणी उघडलेलं नव्हतं, पानं एकमेकांना चिकटलेली. "वाचून टाक. आर्धं सोडून जाऊ नगं."

"आबा, आणि पियूला काय सांगणार?"

"म्या कुटं ऐकनार हाय? तू मनात वाच."

मनात वाचायचं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. ओट्यावर बसले. आबांनी खुर्ची आणली आणि माझ्याकडं पाठ करून ठेवली. "तुझ्या तोंडावर समदं दिसतं," म्हणाले. धाराशिव गाडी चालू करायला लागला तर त्यांनी हात वर केला. त्यानं गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेली. बुलढाणानं माझ्याकडं बघितलं, भांडी उचलली आणि आत जाऊन घासली. आज कुणीच काही विचारत नव्हतं.

मी दरवाजाच्या आत गेले. काय होतं ते इथं लिहीत नाही, तुमच्यातल्या कुणी वाचायचं ठेवलं असेल. मधे एकदा माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं, तर आबांचे खांदे ताठ झाले, पण मान वळली नाही. एकदा मी नाकाला पदर लावला. त्यांनी खिशातून सुपारी काढली, तोंडात टाकायची विसरले आणि तशीच मुठीत धरून बसले. जेवणवेळ होऊन गेली. दुपार कलायला लागली.

शेवटचं पान वाचून मी पुस्तक मिटलं.

"झालं?" पाठमोरेच.

"झालं, आबा."

"बरं हाय?"

"सांगू?"

"न्हाई न्हाई." ते घाईनं म्हणाले. रस्त्यावरून कंपनीची बस धूळ उडवत गेली. मग अगदी हळू, मला ऐकायला पुढं वाकावं लागलं इतकं हळू, म्हणाले, "येवढंच सांग. शेवटाला तिच्यापाशी कुनी हाय का?"

"हाय," मी म्हटलं.

त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली. तरी वळून बघितलं नाही.