सुगंधा ढवळे यांच्या मृत्यूनोंदीवर हरकत

गुरुवारी दुपारी कादंबरीतली सुगंधा ढवळे स्वतःच्या मृत्यूच्या नोंदीवर हरकत घ्यायला नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात आली. सोबत पूर्वा सोनटक्के होती, कारण सुगंधाला सही करता येत नव्हती. नोंद झाल्यापासून ती बोटांकडून पुसट होत चालली होती आणि आज, सातव्या दिवशी, दोन्ही हात कोपरापर्यंत दिसेनासे झाले होते. हरकतीची मुदतही सातच दिवसांची असते. साडेपाचला खिडकी बंद झाली की नोंद कायम होते, आणि मग उरलेली बाईही राहत नाही.

सुगंधा घाटातल्या बसची कंडक्टर. दर गुरुवारी तिच्या कादंबरीचं एक प्रकरण फोनवर येई आणि चाहत्यांच्या गटातली अकरा हजार माणसं त्यावर तुटून पडत. मागच्या गुरुवारी एकशे बारावं प्रकरण आलं. त्यातलं शेवटचं वाक्य होतं, 'संध्याकाळी सहाला सुगंधा गेली.' त्या एका ओळीचा फोटो पंधरा मिनिटांत गावोगाव फिरला. लोक ढसाढसा रडले, कुणी तिच्या चित्राला हार चढवला, लेखकाने कादंबरी संपल्याचं जाहीर केलं आणि नगरपालिकेने शोकसंदेश मोजून रीतसर नोंद केली. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. फक्त त्या ओळीच्या आधीच्या ओळी कुणी नीट वाचल्या नव्हत्या.

पूर्वा औषधांच्या दुकानात कामाला होती. बारा वर्षं डॉक्टरांची अक्षरं लावण्यात गेली होती, आणि एका अक्षराने गोळी बदलते हे तिला पक्कं ठाऊक होतं. गटात तिला 'भिंगवाल्या बाई' म्हणत. एका स्वल्पविरामावर ती तीन पानं लिहायची आणि खाली हमखास कुणीतरी विचारायचं, 'ताई, जेवलात का?' खरं सांगायचं तर त्या अकरा हजारांत सुगंधावर सगळ्यात जास्त माया हिचीच होती. माया असल्याशिवाय इतकं निरखून कोण बघतं?

खिडकीमागे डोईफोडे नावाचे लिपिक होते. त्यांनी अर्ज वाचला, सुगंधाच्या रिकाम्या बाह्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "गेली म्हणजे गेली. आमच्याकडे रोज माणसं जातात."

"याच कादंबरीत 'गेली' हा शब्द दोनशे चौदा वेळा आलाय," पूर्वा म्हणाली. "बाजारात गेली, माहेरी गेली, डेपोत गेली. माणूस मेला की लेखक 'वारला' लिहितात. सहा जण वारलेत. यादी जोडली आहे."

डोईफोडे कामचुकार नव्हते. त्यांनी चष्मा लावून यादी तपासली, संगणकावर प्रकरणं उघडली, आणि बऱ्याच वेळाने एका ओळीवर बोट ठेवलं.

"प्रकरण एकतीस. 'पहाटे काकी गेली.' पुढच्याच वाक्यात तिरडी बांधलीय."

पूर्वाने ओळ पाहिली आणि तिचा चेहरा पडला. मोजताना तिने काकींना माहेरी गेलेल्यांत धरलं होतं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "माझी चूक झाली."

"अहो, मी समोर उभी आहे की!" सुगंधा उसळून म्हणाली. "जिवंत बाई दिसत नाही का तुम्हाला?"

"अर्जदाराची साक्ष चालत नाही, बाई. एकशे बाराव्या प्रकरणाच्या पुढचं तुम्हाला तरी कुठे माहीत आहे?"

ते खरं होतं. तिचा उजवा खांदाही आता विरळ दिसू लागला होता.

"मग लेखकाला विचारा," पूर्वा म्हणाली.

"ते जवळचे नातेवाईक. त्यांची साक्ष आधी बाद."

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पूर्वाने शेवटचं पान पुन्हा उघडलं. चार वेळा वाचलेलं पान ती पाचव्यांदा मोठ्याने वाचू लागली, शब्दाशब्दावर थांबत. "'सुगंधाने दार ओढून घेतलं. शेजारच्या ताराबाईंना म्हणाली, येते हं. संध्याकाळी सहाला...'"

ती थांबली. मागे गेली. पुन्हा वाचलं.

"येते म्हणाली," ती पुटपुटली.

"येते सगळेच म्हणतात," डोईफोडे म्हणाले. "घरातून निघताना 'जाते' कोण म्हणतं? अभद्र असतं ते."

"सगळेच म्हणतात. ही म्हणत नाही," पूर्वा म्हणाली. "चौथं प्रकरण काढा. सासू सांगते, जाते म्हणू नये, येते म्हण. आणि ही म्हणते, जातेय तर जातेच म्हणणार. तेव्हापासून ही घराबाहेर पडली की जाते म्हणते, नाहीतर निघते, चालले. सासू अंथरुणावरून हात जोडते तरी ही हट्टाने जातेच म्हणते. आता हे शेवटचं पान. इथे पहिल्यांदा येते म्हणालीय. जिला परत यायचंय तीच असं म्हणेल."

डोईफोडेंनी एकेक प्रकरण काढून दारातलं प्रत्येक वाक्य तपासलं. पाच वाजून चोवीस मिनिटांनी ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"एकोणीस वर्षं इथे बसतोय," ते म्हणाले. "लोक रडतात, भांडतात, ओळखी काढतात. वाचून कुणी आलं नव्हतं." आणि त्यांनी लाल शाईने नोंदीवर रेघ मारून खाली सही केली.

"मी खरंच येते म्हणाले?" सुगंधाने हळूच विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. "मला कळलंसुद्धा नाही. माझ्या आईनंही कधी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं हो माझं."

निर्णय लेखकाला कळवावा लागतो. डोईफोडेंनी टेबलावरच्या फोनवरून निरंजन तळपे यांना तो वाचून दाखवला.

"अहो, पण मी तिला मारलीय!" तळपे ओरडले.

"तसं लिहिलेलं नाही, साहेब."

"माझ्या मनात तेच होतं."

"मनातल्याची नोंद आमच्याकडे होत नाही. पान बघा."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. शेवटी तळपेंनी पडलेल्या आवाजात विचारलं, "मग ती गेली तरी कुठे?"

डोईफोडेंनी फोनवर तळहात ठेवून पूर्वाकडे पाहिलं. पूर्वाने मान हलवली.

"ते पानावर नाही," ती म्हणाली. "त्यापुढचं मी नाही सांगू शकत."

रेघेवरची शाई वाळली होती. सुगंधाने आपली दहाही बोटं एकदा उघडमीट करून पाहिली आणि डोईफोडेंच्या हातून फोन घेतला.

"मी सांगते," ती म्हणाली. "आता पुढचं मला दिसतंय. कागद घ्या."

"थांबा, थांबा," तळपे घाईघाईने म्हणाले. "जरा सावकाश सांगा. एकही शब्द सुटायला नको."

डोईफोडेंनी तिला खुर्ची दिली, आणि सुगंधा सावकाश सांगू लागली.