लेक माहेरी राहिली

एका जंगलातून एक नदी वाहायची आणि त्या जंगलात राज्यं होती दोन. नदीला हे कुणी कळवलं नव्हतं, बाळांनो, म्हणून ती बिचारी आपली सरळ वाहायची.

वरचं राज्य माकडांचं. त्यांच्या पुराणात नदी म्हणजे माकडांच्या मूळपुरुषाची लेक, त्याच्या शेपटीच्या टोकातून जन्मलेली. दरवर्षी सीमेवरच्या धोंड्यापाशी तिची ओटी भरायची, गळा काढून रडायचं आणि तिला सासरी पाठवायचं, असा रिवाज होता.

खालचं राज्य अस्वलांचं. त्यांच्या पुराणात नदी मुळी बाईच नाही. ते नदबाबा. आजन्म ब्रह्मचारी!

एका वर्षी ओटीचं सूप वाहत वाहत ऐन आरतीच्या वेळी अस्वलांच्या घाटाला लागलं. आत खण, नारळ, हिरव्या बांगड्या. महंत केसाळगिरी लालबुंद झाले.

"आमच्या ब्रह्मचाऱ्याला बांगड्या?"

त्यांनी सूप जसंच्या तसं परत धाडलं.

"सासरच्यांनी ओटी परत केली!" माकडांचे राजे शेपटेराव यांनी ऊर बडवला. "आता लेक माहेरीच राहील." माकडांनी धोंडे रचून नदी अडवली.

खाली अस्वलांनी कोरडं पात्र पाहिलं आणि जाहीर केलं, की बाबा समाधीत गेले. लगेच पात्रात मंडप उभा राहिला.

यात फुकट भरडली गेली बायजा बेडकी. सीमेवरच्या धोंड्याआड एक डबकं होतं, त्यात तिची दोनशे पिल्लं. पाय फुटायला अजून आठ दिवस होते आणि पाणी उरलं होतं चार बोटं.

ती शेपटेरावांकडे गेली. "सरकार, पोरं मरतील माझी. थोडं पाणी सोडा."

"आधी त्यांनी माफी मागावी. लेक आहे ती आमची, वाऱ्यावर नाही सोडली."

ती केसाळगिरींकडे गेली. "महंतजी, माफीचा एक शब्द टाका."

"हळू बोल गं. समाधी भंगेल."

बायजा परतली तेव्हा पाणी दोन बोटं होतं. पिल्लं चिखलात पोटावर वळवळत होती. तिला आधी रडू आलं, मग संताप आला, आणि संतापात कधीकधी सुचतं तसं तिला सुचलं.

ती पुन्हा वर गेली. बांधावर सगळा दरबार बसला होता. ती राजाच्या कानाशी लागली, पण शेवटच्या माकडालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सरकार, रागावू नका. लेक अजून नवऱ्याघरी गेली नाही, आणि पोट तर रोज वाढतंय. खाली अस्वलं बोटं मोजायला लागलीत."

 सगळ्यांनी वळून बांधाआडच्या पाण्याकडे पाहिलं. फुगलं तर होतंच.

"फोडा!" शेपटेराव किंचाळले. "बघता काय मेल्यांनो! आत्ताच्या आत्ता सासरी धाडा तिला! ओटीबिटी राहू दे!"

पाणी सुटलं. खालचा मंडप वाहून गेला आणि अस्वलं धन्य झाली, बाबा स्वतः उठून भेटायला आले म्हणून. डबकं भरलं. धोंड्याच्या आडोशानं पिल्लं तरली.

माकडांनी बायजाला तोंडाळ ठरवून हद्दपार केलं. तिनं एक उडी मारली आणि हद्दपार झाली. संध्याकाळी दुसरी उडी मारून पोरांकडे परत आली.

तात्पर्य : तहानलेल्यानं खरं बोलत बसू नये. खऱ्यानं डबकंसुद्धा भरत नाही. 'लोक काय म्हणतील' एवढ्यानं धरण फुटतं. परीक्षेत मात्र 'सदा खरे बोलावे' असंच लिहा. तिथे प्रश्न पाण्याचा नसतो.