दुभाष्याची वामकुक्षी

ताइचुंग शहरात गुप्तहेर पुष्कळ आहेत. कुणी पळालेला नवरा शोधून देतं, कुणी हरवलेलं मांजर. पण एका सॉफ्टवेअरचं दुसऱ्या सॉफ्टवेअरशी का बिनसलं, हे नुसतं वायरीचा वास घेऊन ओळखणारा माणूस अख्ख्या बेटावर एकच. मी. वेंग त्साय-फा. माझी नजर घारीची, बुद्धी वस्ताऱ्याच्या धारेची, आणि पोट मात्र, बायकोच्या मते, दोन माणसांचं. मी खोलीत पाऊल टाकलं की बंद पडलेला सर्व्हर लाजून आपोआप सुरू होतो असं लोक म्हणतात. म्हणजे अजून म्हणत नाहीत, पण म्हणतील.

माझी मदतनीस पेइ-यिंग. नात्याने मेहुणी. माझं कौतुक करण्यासाठी मी तिला पगार देतो. पगार ती घेते, कौतुकाचं अजून जमलेलं नाही.

त्या सकाळी फांगबाई माझ्या कचेरीत आल्या. मूनकेक आणि अननसाचे केक बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याच्या मालकीणबाई. मी त्यांना बसूसुद्धा दिलं नाही.

"थांबा! तुम्ही आज सकाळी सोयाबीनचं दूध प्यायलात."

"नाही बुवा."

"भावजी," पेइ-यिंग म्हणाली, "तो डाग तुमच्याच शर्टावर आहे."

मी डाग पुसला आणि कामाकडे वळलो. खरा गुप्तहेर अशा किरकोळ गोष्टींत अडकत नाही.

फांगबाईंचं दुखणं असं होतं. त्यांच्या कारखान्यात तीन सॉफ्टवेअरं नांदत होती. फोनवरून ऑर्डरी घेणारं नवीन, गोदामाचं जुनं, आणि हिशेबाचं तर त्यांच्या सासऱ्यांच्या काळातलं. एक म्हणे 'पेटी', दुसरं म्हणे 'नग', आणि तिसऱ्याला रकमेशिवाय काही कळतच नसे. अबोला धरलेल्या जावांसारखं चाललं होतं. म्हणून यी-च्येन नावाच्या मुलीने दोन वर्षं खपून मध्ये एक अडॅप्टर बसवला. अडॅप्टर म्हणजे दुभाष्या हो! एकीचं ऐकायचं आणि दुसरीला तिच्या भाषेत सांगायचं. हा दुभाष्या चहाच्या डब्याएवढ्या एका काळ्या पेटीत राहत होता आणि गुण्यागोविंदाने काम करत होता.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता तो रोज जेवणानंतर झोपतो," फांगबाई म्हणाल्या.

"झोपतो?"

"आम्ही सगळे दुपारची डुलकी काढतो, तेव्हा तोही बंद. आम्ही उठलो की तोही उठतो. मधल्या वेळात आलेल्या ऑर्डरी गडप. आणि जेवणाच्या सुट्टीतच तर सगळं जग हातात फोन घेऊन बसलेलं असतं! चंद्रोत्सव तोंडावर आलाय वेंगसाहेब. गिऱ्हाइकं फोनवर माझा उद्धार करतायत. म्हणतात, पैसे कापले गेले, मूनकेक कुठाय?"

"यंत्राला वामकुक्षीची सवय लागली," मी गंभीरपणे म्हणालो. "पाहण्यातली केस आहे."

"कुठे पाहिलीत?" पेइ-यिंगने विचारलं. मी ते ऐकलं नाही.

"ते काही नाही," फांगबाई म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत उलगडा झाला नाही, तर पेटी भंगारात, ऑर्डरी पुन्हा हाताने टाइप करायच्या, आणि यी-च्येनने परवापासून खाली खोकी बांधायची. मुलगी गुणी आहे हो. पण मला गिऱ्हाइकांना काहीतरी सांगायला हवं ना!"

कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबलचक दालन. तिथे सगळे कारकून, सगळी टेबलं, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात, कंपनीच्या नावाच्या उजळलेल्या पाटीखाली ती काळी पेटी. पेटीवर, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून, रीतीप्रमाणे मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी. पुडी हिरवीच हवी, मुदत टळलेली नको, आणि यंत्र चालू असेतो ती कुणी खायची नाही, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

पेटीशेजारी यी-च्येन बसली होती. डोळ्यांखाली काळं, हातात थंड झालेला चहा. मला पाहून ती उठली.

"साहेब, मी पेटीसुद्धा बदलून पाहिली. नवीन आणली. तीही झोपते."

"म्हणजे रोग सांसर्गिक आहे," मी वहीत लिहिलं.

"एकदा मी जागून पाहिलं. सगळ्यांना खाली जेवणघरात झोपायला पाठवलं आणि इथे दिवे लावून एकटी पेटीकडे बघत बसले. त्या दिवशी काहीच झालं नाही! एक ऑर्डर चुकली नाही."

"बघा!" बाओ काका मागून म्हणाले. हे हिशेबनीस. दुभाष्या यायच्या आधी सगळ्या ऑर्डरी हेच टाइप करत. "ती बघते तेव्हा चालतं. म्हणजे करणारी कोण, ते समजा!"

यी-च्येनचे डोळे भरून आले. "काका, मी कशाला माझ्याच कामाचं वाटोळं करीन?"

मला त्या पोरीची दया आली. पण माझ्या डोक्यात तोवर प्रकाश पडला होता.

"यंत्र लाजाळू आहे," मी जाहीर केलं.

सगळ्यांनी पेटीकडे पाहिलं.

"कुणी पाहत असेल तर ते झोपत नाही. आमचे सासरेही असेच आहेत. पाहुण्यांसमोर ताठ बसतात आणि पाहुण्यांची पाठ वळली की—"

"आमच्या बाबांना मध्ये आणू नका," पेइ-यिंग म्हणाली.

मी तो मुद्दा सोडला. "हे सुरू कधी झालं?"

"भुतांच्या महिन्यात," फांगबाई म्हणाल्या. "फेंगशुईचे गुरुजी आले होते. म्हणाले, पेटी मागच्या खोलीत आहे म्हणून पैसा मागच्या दाराने चाललाय. तिला नावाच्या पाटीखाली आणा. मी स्वतः उभी राहून हलवून घेतली. आणि दुसऱ्याच दिवसापासून—"

"भुतं!" मी टाळी वाजवली. "त्या महिन्यात भुकेली भुतं मोकळी सुटतात. त्यांना वाटेत मूनकेकच्या ऑर्डरी दिसल्या. तुम्ही त्यांचं पान वाढलं होतं का?"

"वाढलं होतं. कोंबडी, फळं, सगळं."

"गोड?"

फांगबाई बाओ काकांकडे बघायला लागल्या. बाओ काका छताकडे. गोड वाढायचं राहिलं होतं. केकच्या कारखान्यात! मी विजयी मुद्रेने पेइ-यिंगकडे पाहिलं.

"भावजी, तो महिना संपला. भुतं गेली परत."

"एखादं मागे राहिलं असेल."

"कशाला? नोकरीला?"

एवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि चर्चा आपोआप थांबली. वाफवलेले डबे उघडले गेले. मांसाचा रस्सा, भात, रश्शात मुरलेलं अंडं. मी गुन्ह्याच्या जागेची बारकाईने पाहणी करता करता दोन डबे संपवले. जेवण झाल्यावर प्रत्येकाने खणातून उशी काढली, टेबलावर ठेवली, डोळ्यांवर पट्टी बांधली. फांगबाई सगळीकडे एक नजर टाकून आल्या. आपल्या माणसांना दुपारी स्वतः निजवायचं, हा त्यांचा नेम. कुणाची मान अवघडली असेल तर उशी सरकवत, कुणाच्या खांद्यावर शाल टाकत. मग त्या दारापाशी गेल्या, दिवे मालवले, आणि आपल्या खुर्चीत टेकल्या.

मी मात्र पेटीसमोर टक्क जागा राहायचं ठरवलं. खुर्ची ओढली, पाय पसरले, नजर रोखली.

जाग आली तेव्हा दिवे लागले होते आणि पेइ-यिंग माझ्याकडे पाहत होती.

"काय दिसलं, भावजी?"

"अंधार," मी म्हणालो. "अत्यंत संशयास्पद अंधार."

त्या दुपारच्या ऑर्डरीही गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी बाओ काकांवर झडप घातली. हेतू त्यांच्याकडे होता: दुभाष्या गेला की टाइप करायला पुन्हा तेच! मी त्यांच्या खणाची झडती घेतली. उशी, पाठदुखीचं मलम, आणि अननसाचे केक, तेही समोरच्या दुसऱ्या कारखान्याचे.

"काका!" फांगबाई ओरडल्या.

"त्यांचे जरा कमी गोड असतात हो," काका पुटपुटले. "डॉक्टरांनी सांगितलंय."

काका बिचारे लाल झाले. "आणि मला कशाला परत टाइप करायला हवंय? माझी बोटं बघा! ही पोरगी आली म्हणून तर मी संध्याकाळी नातवाला भेटतो. काल चिडून बोललो, चुकलं माझं." ते यी-च्येनकडे वळून म्हणाले, "मनावर घेऊ नको गं."

झालं! होता तो एकमेव संशयितही हातचा गेला. फांगबाईंनी उसासा टाकला. "वेंगसाहेब, आजची दुपार शेवटची. मी शब्दाची पक्की आहे."

यी-च्येनने आपल्या टेबलावरची झाडाची कुंडी, चहाचा मग आणि भरतकामाची उशी एका खोक्यात भरायला घेतली. मला ते बघवेना. माणूस दोन वर्षं खपून तीन भांडकुदळ यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावतो, आणि त्याला खोकी बांधायला पाठवायचं?

त्या दुपारी मी निर्धाराने बसलो. झोप येऊ नये म्हणून दोनच डबे खाल्ले. फांगबाईंनी सगळ्यांच्या अंगावर शाली घातल्या, दिवे मालवले. अंधार झाला. पोटात खड्डा पडला. हात चाचपडत पुढे गेला आणि काहीतरी कुरकुरीत लागलं. विचाराच्या तंद्रीत मी ते तोंडात टाकलं. मग आणखी थोडं. मग, गुप्तहेराला अधूनमधून लागते तशी, माझी समाधी लागली.

पुढची हकीकत मला नंतर कळली. मी समाधीत घोरतो म्हणे. शेजारी पेइ-यिंगला डोळ्याला डोळा लागेना. तिने मला ढोसलं, चिमटा काढला, नाक दाबलं. शेवटी चिडून ती उठली, मला मारायला आपली चप्पल शोधू लागली, अंधारात सापडेना, म्हणून दारापाशी जाऊन तिने दिवे लावले.

कोपऱ्यातली पेटी बोलली, "टिंग!" आणि घरघरू लागली.

पेइ-यिंग थबकली. तिने दिवे मालवले. घरघर बंद. लावले. "टिंग!" मालवले. बंद. लावले. "टिंग!"

"कोण आहे रे ते!" सगळं दालन डोळ्यांवरच्या पट्ट्या वर करून उठलं. आणि उठल्या उठल्या सगळ्यांना काय दिसावं? पेटीसमोर मी, आणि माझ्या मांडीवर रिकामी हिरवी पुडी.

"पुडी खाल्ली!" बाओ काका किंचाळले.

"यंत्राची पुडी खाल्ली!"

"अहो, हा कसला गुप्तहेर, हाच गुन्हेगार!"

"मी पुरावा तपासत होतो," मी म्हणालो. तोंडातून मक्याचा भुगा उडाला. एका कारकुनाने माझ्यावर उशी उगारली. यी-च्येन तोंडावर हात ठेवून बसली होती. रडत होती की हसत होती, देवाला माहीत.

"गप्प बसा सगळे!" पेइ-यिंग दारातून कडाडली. "हे बघा."

दिवे गेले, पेटी गेली. दिवे आले, "टिंग!"

मी खाली वाकून पाहिलं. पेटीची पिन ज्या भोकांत होती, ती जागा कंपनीच्या पाटीतल्या दिव्यासाठी केलेली. पाटी दालनातल्या दिव्यांबरोबर लागायची आणि दिव्यांबरोबर विझायची. ना भूत, ना लाज, ना रोग. दिव्याच्या बटणाने दुभाष्याचाही गळा दाबला जात होता, रोज, नेमाने. ऑर्डर यायची, दार ठोठावायची, आतून कुणी ओ देत नाही असं पाहून निघून जायची.

"पण मग," एक कारकून हळूच म्हणाला, "रोज दिवे मालवतं कोण?"

सगळे जण अतिशय काळजीपूर्वक कुठेतरी दुसरीकडे बघू लागले. माझी फी अजून मिळायची होती, म्हणून मी घसा खाकरला.

"गुन्हेगार म्हणजे... व्यापक अर्थाने पाहता... फेंगशुईचे गुरुजी—"

"मीच," फांगबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीतून उठल्या. रेशमी पोशाखानिशी कोपऱ्यात गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पिन उपसली. त्यांना उठता येईना. बाओ काका पुढे झाले, तर त्यांना हाताने थांबवलं.

"यी-च्येन, ही कुठे लावू गं?"

"कुठेही, बाई. फक्त दिव्यांच्या बटणावर नको."

फांगबाईंनी पलीकडच्या भिंतीत पिन खोचली. "टिंग!" मग त्या खोक्यापाशी गेल्या, त्यातली कुंडी काढून यी-च्येनच्या टेबलावर ठेवली, चहाचा मग ठेवला, उशी ठेवली, उशीवर थोपटलं.

"मी तुला खूप बोलले. किती रात्री झोपली नाहीस तू?"

"आठवत नाही."

"मग अजून सुट्टी आहे. नीज."

त्या दारापाशी गेल्या. बटणावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबल्या. "मालवू ना?"

"मालवा, बाई."

अंधार झाला. पेटी घरघरत राहिली. आणि तिच्या आत, एकामागून एक, कुणाकुणाच्या मूनकेकच्या ऑर्डरी गोदामात जाऊ लागल्या. यी-च्येनने उशीवर गाल टेकला आणि बघता बघता तिला गाढ झोप लागली, लहान मुलासारखी, तोंड उघडं ठेवून. पेइ-यिंगही झोपली. बाओ काकाही झोपले.

माझ्याही पापण्या मिटत होत्या. पण मी मांडीला कडकडून चिमटे काढले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पहाऱ्यावर टक्क जागा राहिलो. मी घोरलो असतो तर पोरगी उठली असती.