सावलीत काळा होणारा माणूस

भर वैशाखात, जळगावात, मुद्दाम काळं व्हायला बसलेला मी आयुष्यात एकच माणूस पाहिला. आणि तोही सावलीत.

आमच्या समोरच्या ओट्यावर, पत्र्याखाली, डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत दुमडून मधुकरनाना बसलेले असायचे. मांडीवर वही, कानावर पेन्सिल, शेजारी गजराचं घड्याळ. हाताच्या आतल्या अंगाला शाईनं आखलेले चार चौकोन. दर तासाला चष्मा कपाळावर चढवून ते हात डोळ्यांपाशी नेत आणि वहीत काहीतरी लिहीत. रस्त्यानं जाणारी माणसं उन्हानं आपोआप काळी होत होती. त्यांच्याकडे बघून नाना कीव आल्यासारखी मान हलवत.

"फुकट भाजून घेतात लेकाचे," ते मला म्हणाले. "काळं व्हायला ऊन लागत नाही, शैले. रसायन आहे, चमत्कार नाही."

हे वाक्य आमच्या गल्लीनं इतक्यांदा ऐकलं होतं, की नाना तोंड उघडायच्या आधीच आम्ही मनात म्हणून घ्यायचो. नाना एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. रसायनशास्त्राचे सर दोन-तीन वर्षांनी बदलायचे, नाना तिथंच. त्यामुळे ते शास्त्र आपण सांभाळतोय, सर लोक नुसते पाहुणे येतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आईनं एकदा वाटीभर कढी पाठवली. वाटी परत आली ती धुऊन-पुसून, आत निळ्याची लाल झालेली कागदाची पट्टी आणि चिठ्ठी: 'आंबटपणा जास्त.' आईनं पुढं वर्षभर त्यांना कढी दाखवली नाही. कोणी आजारी पडलं की नाना भेटायला जायचे, पण आधी विचारपूस औषधाच्या बाटलीची, मग माणसाची. बाटलीवरचं सगळं वाचून झालं की "हं, ठीक आहे" म्हणून उठायचे. आजाऱ्याला वाटायचं, आपल्यालाच म्हणाले.

तर अशा माणसाच्या हाती ती बाटली लागली. नानांचा पुतण्या अमेरिकेत. हिवाळ्यात तो बायकोला घेऊन येऊन गेला, आणि ती बाई न्हाणीघरात एक बाटली विसरून गेली. दुसऱ्या कोणी ती शाम्पू म्हणून डोक्याला चोळली असती आणि विषय संपला असता. नानांनी शब्दकोश घेऊन तीन दिवस बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि चौथ्या दिवशी ओट्यावरून जाहीर केलं, की तिकडची गोरी माणसं हे अंगाला फासून बिनउन्हाची सावळी होतात.

"ओ माय वं!" आई म्हणाली. "देवानं एवढं गोरं करून पाठवलं आणि हे वरून फासतात? डोकं फिरलंय का मेल्यांचं?"

आईचं दुःख वेगळंच होतं. माझं लग्न ठरलेलं होतं आणि मी काळी. मुलाकडच्यांनी मला 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' असं पसंत केलं होतं. त्या 'पण'चा वचपा काढायला आई रोज सकाळी मला मोरीत बसवून साय, बेसन आणि हळद चोळायची. नुसती चोळायची नाही, घासायची. आमच्या घरचं जळलेलं पातेलंसुद्धा तिनं एवढ्या निष्ठेनं कधी घासलं नव्हतं. म्हणजे रस्त्याच्या या बाजूला मला गोरं करायचा उद्योग आणि त्या बाजूला नानांना काळं करायचा. दोन्हीकडं चिकाटी सारखीच. फरक इतकाच, की नानांना यश येत होतं.

"हे होतं कसं पण?" मी एकदा विचारलं. विचारायला नको होतं.

"आपल्या अंगावरची सगळ्यात वरची कातडी मेलेली असते," नाना म्हणाले.

"कोणाची?"

"सगळ्यांची. तुझ्या आईचीसुद्धा."

ही बातमी आईला कळल्यावर ती दोन दिवस नानांशी बोलली नाही.

"या बाटलीत साखरेच्या जातीचा एक पदार्थ आहे. तो त्या मेलेल्या थरातल्या प्रथिनांना जाऊन धरतो. दोघांची गाठ पडली की तांबूस रंग तयार होतो. लगेच नाही, चार-सहा तास लागतात. मांडा खापरावर टाकला की त्याला तांबूस डाग पडतात ना? त्याच्याच जातीची गोष्ट. इथं फक्त चूल नाही."

आत अक्का तांदूळ पाखडत होत्या. अक्का म्हणजे नानांची बायको. मांड्याचं नाव निघालं तसा सुपाचा आवाज थांबला. मी लक्ष दिलं नाही.

"साबणानं जात नाही का?"

"वर बसला असता तर गेला असता. इथं कातडीच रंगते. पण तो थर रोज थोडा थोडा झडतो. पाच-सात दिवसांत थर गेला, रंग गेला."

"मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?"

नानांनी पेन्सिल कानावरून काढली. "उन्हानं काळं व्हायचं तर कातडीच्या आत रंगाचा कारखाना चालू लागतो. याला कारखाना लागत नाही. तो बंद पडलेला असला, तरी हा रंग चढतो." आणि वहीत त्यांनी या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. मी मनात म्हटलं, काय रिकामटेकडा माणूस आहे!

पहिल्याच दिवशी या शास्त्रज्ञानं ते औषध बोटांनी लावलं आणि हात धुवायचा विसरला. तळहाताची कातडी जाड, मेलेला थर भरपूर. रंगानं तिथं मुक्कामच ठोकला. दुसऱ्या दिवशी नानांचे दोन्ही तळवे पक्क्या विटकरी रंगाचे. त्यातच सावद्याहून त्यांचा थोरला भाऊ केळी घेऊन आला. त्यांचा केळीचा मळा. घड कापताना चीक लागून मळ्यातल्या माणसांचे हात कायम डागाळलेले. त्यानं नानांचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, "अरे भो, जन्मात घडाला हात लावला नाहीस, पण हात तरी शेतकऱ्याचे झाले! बापाचा आत्मा शांत झाला असेल." सगळी गल्ली हसली. सगळ्यात मोठ्यानं मी.

मग एका दुपारी आईनं मला मोठी परात मागायला समोर पाठवलं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं आणि तिथंच थांबले.

अक्का पाटावर बसल्या होत्या. ब्लाउजची लांब बाही कोपराच्या वर सरकवलेली. नाना समोर उकिडवे बसून, काडीला कापूस गुंडाळून, त्यांच्या हाताला ते औषध लावत होते. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे डाग. पांढऱ्या जागी औषधाचे दोन थर, कडेला एक, सगळं वहीत बघून. नानांच्या हातावरचे ते चार चौकोन कशासाठी होते ते मला तेव्हा कळलं. अक्कांच्या रंगाशी कुठला चौकोन जुळतो ते नाना बघत होते. आणि अंगाला काही अपाय होतो का, ते आधी स्वतःवर.

आता अक्कांबद्दल सांगायलाच हवं. त्या धुळ्याकडच्या. त्यांच्या हातचे मांडे म्हणजे काय होतं, ते ज्यांनी खाल्ले त्यांनाच ठाऊक. मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत पसरत न्यायचा आणि अलगद तापल्या खापरावर टाकायचा. अक्कांचा मांडा असा पातळ, की आरपार चूल दिसावी. कुठल्याही लग्नात खापरापाशी पहिला पाट अक्कांचा. आठ वर्षांपूर्वी हातावर पहिला डाग उमटला आणि पाट हलला. कोणी वाईट बोललं नाही. आमच्या गल्लीतली माणसं फार चांगली. "अक्का, तुम्ही दमता, तुम्ही पाहुण्यांकडं बघा," एवढंच म्हणाली. नंतर पाहुण्यांकडंही बघायला बोलावलं नाही. हे असं गोड बोलून करण्यात आमची आई पहिली होती. मी तेव्हा कॉलेजात होते, शिकलेली होते, आणि गप्प होते.

"पोरी, कोनले सांगू नको," अक्का बाही ओढत म्हणाल्या.

नाना म्हणाले, "शैले, तुझ्या लग्नाचे मांडे हिच्या हातचे व्हायला पाहिजेत. आईला विचारशील?"

आयुष्यभर सगळ्यांना शिकवणारा हा माणूस माझ्याकडं विनंती करत होता. मला तोंड वर करवेना.

संध्याकाळपर्यंत अक्कांच्या हातावर रंग आला, एकसारखा. त्या हात समोर धरून बघत राहिल्या. "हाऊ मना हात शे? वळखूच येत नही," म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला.

लग्नाला चार दिवस राहिले, तेव्हा नानांनी पुन्हा एकदा रंग चढवला. बाटली संपली. त्याच दिवशी अक्का आखूड बाह्यांचं ब्लाउज घालून आमच्याकडं गहू निवडायला आल्या. आईचे डोळे त्यांच्या हातांवरून हलेनात. "अक्का! बरं झालं की हो! कोणाचं औषध म्हणायचं?"

अक्कांनी नानांकडं पाहिलं. नाना उंबऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "आहे एक. अमेरिकेचं."

कढीचा आंबटपणासुद्धा चिठ्ठीवर लिहून देणारा माणूस माझ्यादेखत धडधडीत खोटं बोलला. आई हरखली. "मग मांडे तुम्हीच करायचे हं आता!" असं स्वतःहून म्हणाली. मला विचारावंच लागलं नाही.

नानांनी सगळा हिशेब केला होता. रंग पाच दिवस तर नक्की टिकेल, मांडे चौथ्या दिवशी. हिशेबात एकच गोष्ट राहिली, आणि ती पुरुषमाणसाच्या लक्षात येणारीही नव्हती. आदल्या दिवशी माझी हळद होती. हळद म्हणजे काही नवरीला बोट लावून थांबत नाही. बायकांनी एकमेकींना धरधरून हळद-बेसन चोळलं. अक्का आठ वर्षांनी सापडल्या होत्या. त्यांना तर कोपरापर्यंत खसाखसा चोळलं, आणि चोळण्यात आई आघाडीवर. तिचा हात केवढा जबर ते माझ्या कातडीला विचारा. मेलेला थर पाच-सात दिवसांत झडायचा, तो आईनं एका दुपारात काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवामागं चूल पेटली. खापर तापलं. अक्कांनी गोळा हातावर घेतला, दोन फेरे दिले, आणि बायकांची कुजबूज थांबली. उजेडात हात स्वच्छ दिसत होते. कुठं तांबूस, कुठं पिवळे, आणि मधेमधे पांढरे.

अक्कांनीही पाहिलं. गोळा परातीत ठेवला. "बठ्ठा देखी ऱ्हायनात. मी घर जास," असं म्हणत, सगळ्यांच्या नजरा चुकवत त्या उठायला लागल्या.

"नाना," आई म्हणाली, "तुम्ही तर औषध म्हणालात."

नाना धावतच आले होते. "खोटं बोललो, वहिनी. रंग होता तो. या हाताला रोग नाही, त्यानं रंग करायचं थांबवलंय, एवढंच. शिवून लागत नाही, खाऊन लागत नाही. पुस्तकात आहे. पुस्तक नको असेल तर मला बघा." आणि त्यांनी दोन्ही बाह्या वर करून हात आईसमोर धरले. "आठ वर्षं हिच्याच हातचं खातोय मी. तिन्ही त्रिकाळ."

मी हळदीच्या अंगानं मागल्या दारात उभी. बोलायला पाहिजे होतं, तोंड उघडत नव्हतं. अक्का पदर घेऊन निघाल्या.

आई पुढं झाली. ती जन्मात कोणाला 'चुकलं' म्हणालेली नाही, तेव्हाही म्हणाली नाही. तिनं अक्कांचा खांदा धरून त्यांना परत पाटावर बसवलं. मग खाली वाकून, सगळ्या बायकांसमोर, त्यांची सरकलेली बाही स्वतःच्या हातानं वर गुंडाळली. "पीठ लागेल बाहीला," ती म्हणाली. "बसा, वऱ्हाड उपाशी आहे."

पंगत बसली तेव्हा मी आतल्या खिडकीपाशी होते. रांगेच्या टोकाला नाना पानावर बसत होते. आई माझ्यामागं येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बसला बाई एकदाचा जेवायला."

"म्हणजे?"

"आठ वर्षांत कोणाच्या लग्नात जेवला नाही तो. आहेर द्यायचा, अक्षता टाकायचा, पोट बरं नाही म्हणून घरी जायचा. तिला बोलावलं नाही तिथं जेवत नव्हता."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं," आई म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं नाही.

तेवढ्यात अक्का स्वतः मांडा घेऊन बाहेर आल्या, बाह्या तशाच वर. नानांच्या पानावर वाढला. नाना मांड्याकडं बघत बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसतही नव्हते.

"खा ना आता, गार व्हई जाई," अक्का म्हणाल्या.

नानांनी मांड्याला हात लावला नाही. त्यांनी भर पंगतीत, व्याह्यांच्या देखत, बायकोचा हात धरला, पांढरा होता तिथंच, आणि सोडेचनात. अक्का लाजून लाल, आणि मागं आमरसाच्या बादल्या घेऊन वाढपी खोळंबलेले.