चौगुले सरांची गेलेली मंडळी

चौगुले सर जिवंत माणसाला अरे-तुरे करायचे आणि मेलेल्या पेशींना अहो-जाहो. प्राचार्यांनासुद्धा एकदा "काय रं, बस की" म्हणाले होते. पण अंधाऱ्या खोलीत शिरले की आवाज एकदम बारीक व्हायचा. "आली बघा मंडळी. या."

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. सर जयसिंगपूरचे, जैन. घरात अंड्याचं नावही काढायची सोय नाही, आणि यांचं आयुष्य गेलं अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लांचे पाय बघण्यात. पिल्लाचा पाय आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. ठरल्या दिवशी बोटांच्या मधल्या पेशी आपण होऊन मरतात, मग बोटं सुटी होतात. जाताना त्या आपला डीएनए आपणच कापून ठेवतात. तो बघायला आम्ही भर दुपारी दारं-खिडक्या लावून बसायचो.

जांभळट दिवा लागला की जेलीच्या पातळ वडीत त्या कापलेल्या तुकड्यांच्या नारिंगी पट्ट्या उजळायच्या, एकाखाली एक, शिडीसारख्या. खोलीत आम्ही दोघंच, तरी तिसरं कुणी आल्यासारखं वाटायचं.

"मारलेल्याचा नुसता फराटा उमटतोय," सर कानाशी बोलायचे. "आपण होऊन गेलेला मापात कापून ठेवून जातोय. हे गेलेत. मारलेले न्हाईत."

एकदा मी शिंकलो, तर म्हणाले, "हळू. त्यांच्यासमोर." मग माझा हात धरून बोटं फाकवली. "हितंबी मंडळी व्हती. तू आईच्या पोटात असताना गेली." त्या दिवशी डब्यातला घास उचलताना मी सारखा बोटांच्या मधे बघत होतो. 

गेल्या साली मला नातू झाला. डाव्या पायाची दोन बोटं जुळलेली. बायको म्हणाली, सुनेनं ग्रहणात भाजी चिरली असणार. शेजारणी बघून, मान हलवून गेल्या. सून गडहिंग्लजची, बोलकी पोर, ती मुकीच झाली. बाळाचे पाय सारखे दुपट्यात गुंडाळून ठेवायची. आणि खरं सांगतो, सगळं माहीत असून मीही गप्प बसलो.

सरांपाशी सहज बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते गडमुडशिंगीत आमच्या दारात हजर. पाणीही घेतलं नाही. बाहेरच्या सोप्यात बसून बूट काढला, मोजा काढला. त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं टोकापर्यंत चिकटलेली होती. मला कधी पत्ताच नव्हता.

"मधल्या मंडळींना जायचा निरोप पोचला न्हाय, एवढंच," ते बायकोला म्हणाले. "ग्रहणाचा काय संबंध न्हाय. माझ्या आईला लोकांनी जन्मभर हेच ऐकवलं. दर ग्रहणाला ती हात मांडीवर ठेवून कोपऱ्यात बसायची, म्हातारी झाली तरी. मला ह्यातलं कळलं, तवर ती गेलती."

 सून आतल्या दारात उभी होती. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला.

"सर, मी त्या दिवशी काय चिरलंच नव्हतं. कुणी विचारलंच न्हाय."

"व्हय बाळ," सर म्हणाले. "माझ्या आईनंबी न्हाय."

मोजा अजून त्यांच्या हातातच होता.