सहा साखरांची साखळी

विभागप्रमुखांनी महिन्यापूर्वीच जाहीर करून टाकलं होतं, की सहा साखरांची साखळी प्रयोगशाळेत जोडणारा माणूस आता कुणी लांब शोधायला नको. पाहणी समिती गुरुवारी येणार आणि साखळी कुपीत हजर असणार. पाठीमागे लोक त्यांना साखरसम्राट म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

साखळी प्रत्यक्षात जोडत होती त्यांची सहायिका, गेली तीन वर्षं. काम मोठं किचकट. साखरेच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, प्रत्येक रेणूला पाच हात, सगळे सारखेच उतावळे, दिसेल त्याला मिठी मारणारे. म्हणून नको त्या हातांवर रासायनिक मोजे चढवायचे, हवा तो हात शेजारणीच्या हातात द्यायचा, मग पुढचा मोजा उतरवायचा. असं करत करत कुपीच्या तळाशी चिमूटभर ऐवज जमला होता. शेवटचे मोजे तेवढे उतरवायचे राहिले होते. त्याला हवं सौम्य आम्ल, भोवती बर्फ आणि दोन दिवसांचा धीर.

आणि उजाडला होता बुधवार.

सहायिकेने सुचवलं, साखळी मोज्यांसकटच दाखवू. सर हसले. "मी हे काम तुझ्या जन्माआधीपासून करतोय," म्हणाले, आणि तिला जेवायला पिटाळलं. मग किती तरी वर्षांनी स्वतः अ‍ॅप्रन चढवला, तीव्र आम्ल ओतलं आणि कुपी खालून चांगली तापवली. तासाभरात सगळे मोजे उतरले. अगदी खरं. फक्त एकमेकींचे धरलेले हातही सुटले.

संध्याकाळी कुपीत शुभ्र पूड होती. सहायिका म्हणाली, आधी तपासून घेऊ. सरांनी नमुना तपासणीला धाडला खरा, पण त्याआधी पुडीचा फोटो साऱ्या संस्थेला धाडला. सोबत हातगुणावर दोन ओळी.

गुरुवारी समिती बसली असतानाच यंत्रविभागातल्या बाई अहवाल घेऊन आल्या. त्यांनी सरांच्या कानाशी लागून काही सांगू पाहिलं. सरांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि कागद न वाचता समितीच्या अध्यक्षबाईंपुढे सरकवला. "आपणच वाचावं."

"शुद्धता नव्व्याण्णव टक्के," अध्यक्षबाईंनी वाचलं. टाळ्या पडल्या. सर अर्धे उठून वाकले. अध्यक्षबाईंनी पान उलटलं. "पदार्थ, ग्लुकोज."

सर वाकलेले तसेच राहिले.

"हे दुकानात डब्यातून मिळतं ना?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मिळतं," सर म्हणाले. "पण इतकं शुद्ध नसतं."

समिती चहालासुद्धा थांबली नाही. दुपारी सर सहायिकेच्या टेबलापाशी आले. आम्लाच्या बाटलीतच काहीतरी दोष असावा, असं त्यांनी सुरू केलं. तिने ती बाटली उचलून त्यांच्यापुढे ठेवली. वाक्य अर्ध्यावर विरलं. चूक आपलीच, असं त्यांनी पुटपुटत कबूल केलं आणि पुन्हा करायला किती वेळ लागेल ते विचारलं.

"दीड वर्ष," ती म्हणाली. "आणि आम्लाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे द्या."

त्यांनी मुकाट्याने दिली. दारापाशी घुटमळले. मग म्हणाले, निदान भांडी तरी विसळून देऊ का?

तिने किल्ली अ‍ॅप्रनच्या खिशात टाकली.

"विसळा. पण रिकामी तेवढीच."